आत्याचा उंबरा

आमच्या घराण्यात पाहुणा आला की त्याला फिरवायचं काम माझं. हे काम मला कुणी दिलं नाही, मीच ओढून घेतलं. नाणेघाटातला दगडी रांजण दाखवताना मी असा काही आवाज लावतो, की एकदा दुसऱ्याच सहलीतली माणसं येऊन माझ्यामागे उभी राहिली होती. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही असं बायकोचं म्हणणं. कुकडेश्वराच्या देवळापासून कुकडीच्या काठाकाठाने मी मेहुण्यांना चालवलंय, शिवनेरीच्या पायऱ्यांवर साडूंना बसवून ठेवलंय, भावकीतल्या झाडून सगळ्यांना लेणी दाखवलीत. घोड नदीच्या काठाने जाणारी एक पायवाट माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असंही मी सांगत असतो. त्या वाटेने रोज गुरं नेणारे लोक मला पाहून हसतात. माझी माहिती बरीचशी पुरातत्त्वाच्या निळ्या फलकावरची असते. फलक जिथे पुसट झालेला असेल तिथे मी पदरची भर घालतो.

मागच्या मे महिन्यात आत्याने मला बोलावून घेतलं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ती कळंबला मुलाकडे असते, आम्ही अवसरीला. तिच्या सासरचं गाव डिंभ्याच्या धरणात गेलं. उन्हाळ्यात कालव्यांना पाणी सोडलं की धरण उतरतं, आणि गावाचा काही भाग उघडा पडतो. काही वर्षी नुसतीच वरची जोती दिसतात, काही वर्षी बरंच काही. या साली पाणी खूप खाली गेलंय असं तिच्या कानावर आलं होतं.

तिचं म्हणणं एवढंच होतं की माप ओलांडून ती ज्या उंबऱ्यातून आत आली, त्यावर एकदा हळद-कुंकू वाहायचं, पुरणाचा घास ठेवायचा आणि डोकं टेकायचं. गाव सोडताना ट्रॅक्टर दारात उभा होता, सगळे घाई करत होते आणि पाया पडायचं राहून गेलं.

"बुडणाऱ्या घराला कुलूप लावून आले मी," ती म्हणाली. "किल्ली अजून हाय माझ्याकडं. येडीच व्हते. पण पाया पडायचं कसं राहिलं ते मला कळत न्हाई."

तिचा एक डोळा काचबिंदूने गेलाय. दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी आशा दिलेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरेलही, पण तेव्हा तिला काही दिसेल याची खात्री नव्हती. मुलाला सुट्टी मिळेना, आणि घराण्यात गाईड तर मी होतोच.

सकाळी मी, बायको आणि आत्या गाडीने निघालो. सरळ घोडेगावला जाऊन पुढे धरणाच्या काठाला लागायचं सोडून मी गाडी जुन्नरकडे घेतली. एवढं निघालोच आहोत तर आत्याला तुळजा लेणी दाखवू, असा माझा विचार. "कळंबहून घोडेगावला जाताना जुन्नर वाटेत लागतं, हे आजच कळलं," बायको मागून म्हणाली. मी लक्ष दिलं नाही. आत्याला चढ झेपणार नव्हता हे तिथे पोचल्यावर माझ्या ध्यानात आलं. मग दोघींना झाडाखाली गाडीत बसवलं, एकटाच वर गेलो, आणि गोल दालनातल्या खांबांचं मोबाईलवर चित्रण करून त्याला स्वतःच्याच आवाजात निवेदन दिलं. खाली येऊन ते आत्याच्या डोळ्यांसमोर धरलं. दोन हजार वर्षांपूर्वी, अशी सुरुवात होती.

आत्याने ते शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "दोन हजार वर्षांचं दाखवलंस, चांगलं केलंस. आता माझं परवाचं दाखव."

त्यामुळे काठावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. रस्ता संपतो तिथे गाडी लावली आणि माझ्या त्या प्रसिद्ध पायवाटेने निघालो. पाणी उतरलेल्या भागात गाळपेर करणाऱ्यांनी भाजीपाला केला होता, त्याच्या बांधावरून वाट जात होती. पुढे भेगाळलेला गाळ लागला. पायाखाली शिंपले चुरत होते. एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने बायको, अशी आम्ही आत्याला हाताला धरून नेत होतो, आणि मी तिला सांगत होतो की गावाचा कोपरा न् कोपरा मला पाठ आहे. लहानपणी मी तिथे दोनदा गेलो होतो. एकदा जत्रेला, आणि त्यात मला ताप होता.

मग जोत्यांच्या ओळी दिसायला लागल्या. छप्पर नाही, भिंत नाही, नुसते दगडी चौथरे आणि त्यांच्या पायऱ्या. आत्या थांबली. काळा चष्मा काढून तिने डोळे बारीक केले. तिला काही कळेना. मला मात्र लगेच कळलं. एका वाळलेल्या बुंध्याजवळचं जोतं मला आवडलं. त्याचा उंबऱ्याचा दगड जागेवर होता, छान गुळगुळीत होता आणि फोटोला चांगला होता.

"हेच ते," मी म्हणालो.

आत्याने विचारलं, आपल्या दाराला तीन पायऱ्या होत्या, इथं दोनच कशा. मी म्हणालो, एक गाळात गेली. दारासमोर तुळशीवृंदावन होतं, ते कुठंय? तेही गाळात. दारात उभं राहिलं की मारुतीच्या देवळाची पाठ दिसायची. मी म्हणालो, देऊळही गाळातच असणार. आता मागे वळून पाहताना वाटतं, त्या दिवशी मी अख्खं गाव गाळात घातलं, फक्त माझी खात्री तेवढी वर ठेवली. पण आत्यालाही ते घर हवंच होतं. इतक्या उन्हात चालून आल्यावर माणूस किती वेळ नाही म्हणणार? ती खाली बसली आणि हाताने उंबरा चाचपला.

मग तिने बाटलीतल्या पाण्याने तो दगड धुतला. पदराने पुसला. हळद-कुंकू वाहिलं, पत्रावळीवर पुरणपोळी ठेवली, वर तुपाची धार सोडली आणि उंबऱ्यावर डोकं टेकलं. बराच वेळ ती उठली नाही. बायको डोळे पुसत होती. मी फोटो काढत होतो. एक फार सुरेख आला. तिथे काठाला जेमतेम रेंज होती, तेवढ्यात तो घराण्याच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं: 'आत्या अखेर आपल्या उंबऱ्यावर.' लगेच हृदयं यायला लागली.

पाण्याच्या बाजूने दोघं जण वर येताना दिसले. साधारण माझ्या वयाचा एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी. आणि त्याचा हात धरून आत्याच्याच वयाची एक बाई. ती त्याची आई असणार हे चालण्यावरूनच कळत होतं. ते आमच्यापाशी येऊन थांबले. त्या गृहस्थाने आधी उंबऱ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"पावणं कुठलं म्हणायचं?" त्याने विचारलं.

मी गाईडच्या आवाजात सांगितलं की पाहुणे कसले, हे आमच्या आत्याचं घर आहे.

तो हसला. "हे तुमचं, तर मग आमचं कुठलं?"

त्याने आरामात समजावून सांगितलं. या बुंध्याजवळचं जोतं त्यांचं. त्याचा जन्म इथला. त्याच्या वडिलांनी हा दगड नदीतून आणून स्वतः घडवला होता. आता मायलेक घोडेगावला राहतात, तो तलाठी कार्यालयात आहे, आणि आईला दर उन्हाळ्यात एकदा इथे यायचं असतं म्हणून तिला घेऊन येतो. मग हात लांब करून त्याने खालच्या अंगाला, पाण्याकडे दाखवलं.

"ही आमची बौद्ध आळी. तुमचं गाव तिकडं खाली. अजून पाण्यात हाय."

यानंतर मी जे केलं ते करायला मला अजिबात वेळ लागला नाही. एरवी चपलेचा पट्टा लावायचा तरी मी आधी बसायला दगड शोधतो. तिथे मी वाकलो आणि उंबऱ्यावरची पत्रावळ उचलली.

का उचलली? घास चुकीच्या घरी ठेवला होता, म्हणून बरोबर घरासाठी तो उचलून ठेवला, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. पण 'आमचं घर' हे शब्द ऐकल्यावर मी हललो नव्हतो. 'आमची आळी' ऐकल्यावर हललो. यातला फरक मला समजला, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला माझ्याआधी समजला. त्याचं हसू गेलं. तो नुसता माझ्या हातातल्या पत्रावळीकडे बघत राहिला. माझ्या हातावर तूप ओघळत होतं.

आता गप्प बसावं, तर तेही मला जमत नाही. मी म्हणालो, "तुमच्यात हे चालत नाही ना... नैवेद्य वगैरे. म्हणून म्हटलं, उचलावं."

"आमच्यात चालत न्हाई ते कुंकू," तो म्हणाला. "भाकरी चालती."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने मला वेडा म्हटलंय, बडबड्या म्हटलंय, चारचौघांत माझी टिंगल केली आहे. असं कधी पाहिलं नव्हतं.

आत्या अजून खाली बसलेली होती. आपण कुठे बसलोय हे तिला आता कळलं होतं. तिचा चेहरा मी वाचायला गेलो, पण तिथे काय होतं ते मला सांगता येणार नाही. ती चटकन उठली नाही, इतकंच खरं. न उठणं तिला सोपं गेलं असेल असंही मी म्हणणार नाही. मग तिने बाटलीतलं उरलेलं पाणी दगडावर ओतलं आणि कुंकू आपल्याच पदराने पुसून काढलं. पदर लालभडक झाला.

"इतकी वर्सं या गावात नांदले," ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, "पण ह्या बाजूला कधी पाय ठेवला न्हाई. मग वळखू कसं येणार?"

ती म्हातारी बाई आत्ताशी पुढे आली. तिने आत्याला आवाजावरून ओळखलं असावं. विचारलं, तुमी थोरल्या घरच्या धाकल्या सूनबाई का? आत्याने मान हलवली. "तुमच्या अंगणात लई येळा हुबी राहिलेय मी," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. जसं कुणी म्हणावं, तुमच्या गावाला माझी बहीण दिलीय. म्हणूनच ते मला ऐकवेना.

आत्याने माझ्यापुढे हात केला. "दे इकडं."

मी पत्रावळ दिली. तिने ती परत उंबऱ्यावर ठेवली, पुरणपोळीचा तुकडा मोडला आणि त्या बाईपुढे धरला.

आता इथे सगळं गोड व्हायला हरकत नव्हती. पण ती बाई म्हणाली, "मला शुगर हाय. पुरन न्हाई चालत."

खरोखर शुगर असेल. त्या वयात निम्म्या जगाला असते. पण आत्याचा हात पुढे तसाच राहिला, आणि मला वाटलं, हे आपलं कर्तृत्व. मी पत्रावळ उचलली नसती तर त्या बाईने घास घेतला असता की नसता, हे आता कुणालाच कळायचा मार्ग राहिला नव्हता. शेवटी तो तुकडा आत्याने स्वतःच खाल्ला, तिथे बसूनच. बायकोने आमच्या शिदोरीतली ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी काढली. ती मात्र त्या बाईने घेतली, चटणी जरा जास्तच घेतली, आणि दोघी म्हाताऱ्या त्या ओट्यावर बसून विहिरींबद्दल बोलायला लागल्या. कुठली कधी आटायची, कुठल्या विहिरीचं पाणी गोड. एकीला गावातल्या सगळ्या विहिरी माहीत, दुसरीला आळीतली एकच.

माझ्या खिशात मोबाईल वाजतच होता. ग्रुपवर हृदयांचा पाऊस पडला होता. चुलतभावाने तर हात जोडलेली आठ चित्रं पाठवली होती. मी बाजूला जाऊन तो फोटो सगळ्यांच्या मोबाईलवरून पुसून टाकला. 'काय डिलीट केलंस?' त्याने लगेच विचारलं. मी लिहिलं, 'चुकीचा फोटो.' आमच्यातल्याच दुसऱ्या कुणा शेतकऱ्याचा उंबरा असता तर मी ग्रुपवर काय लिहिलं असतं? 'अरे, घर चुकलं,' असं लिहून हसलो असतो. फोटो तसाच राहिला असता. काही तासांपूर्वी ज्या लेण्याचे खांब मी कौतुकाने मोबाईलमध्ये घेतले होते, ते बौद्ध लेणं होतं. मधे दोन हजार वर्षांचं अंतर असलं की माझी छाती फुगते.

निघताना त्या गृहस्थाने स्वतःहून आत्याला सांगितलं, कालव्याचं आवर्तन चालू आहे, पाणी रोज थोडं थोडं उतरतंय. आठ-दहा दिवसांत तुमचं घर निघेल. मी इकडे अधूनमधून येतो. निघालं की कळवतो. त्यासाठी त्याने माझा नंबर मागितला आणि आपला दिला. त्याचं नाव विचारायला माझी जीभ रेटेना. नाव विचारलं तर आडनाव विचारल्यासारखं होईल, आणि त्याचं काय करायचं ते मी आधीच करून बसलो होतो. मोबाईलमध्ये मी त्याला 'धरण' या नावाने साठवलं.

परतीच्या वाटेवर आत्याला बोलतं करायचा मी दोन-तीनदा प्रयत्न केला. ती ओल्या पदराची घडी घालत होती, उलगडत होती. मंचर आल्यावर म्हणाली, "किती चपळाईनं वाकलास रे."

पुढच्या आठवड्यात 'धरण'चा फोन आला. मी गोठ्यात होतो. मोबाईलवर ते नाव पाहून क्षणभर वाटलं, उचलू नये. उचलला. त्याने 'राव' म्हणून सुरुवात केली, गेल्या वेळेचा विषयही काढला नाही. म्हणाला, "आत्याबाईंचं घर निघालंय. तीन पायऱ्या हायेत, मोजल्या मी. पण लवकर आणा. वळवाचा भरवसा न्हाई."

मी हो म्हणालो आणि दोन दिवस काढले. गाडीचं काम आहे, असं बायकोला सांगितलं. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. मला त्या माणसासमोर जायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेला ढग आले तेव्हा बायको म्हणाली, "तुमच्या लाजेपायी आत्यांचा उंबरा परत पाण्यात जाणार का? मी बसने नेते त्यांना." ती नेईल हे मला माहीत होतं. सकाळी निघालो. या वेळी जुन्नर वाटेत लागलं नाही.

तो काठावर वाट पाहत उभा होता. आईलाही त्याने आणलं होतं. तिनेच यायचा हट्ट धरला म्हणाला. आम्ही पाचही जण चिखल तुडवत खालच्या अंगाला गेलो. तो पुढे चालत होता आणि कुठे रुततं, कुठे नाही ते सांगत होता. मी सगळ्यात मागे होतो.

घर दिसलं आणि आत्याने आमचे हात सोडले. तिला कुणी सांगावं लागलं नाही. तीन पायऱ्या होत्या. वृंदावनाचा बसका चौथरा होता. मारुतीच्या देवळाची पाठ शेवाळलेली होती, पण जिथे असायला हवी तिथेच होती. ती पायऱ्या चढली, उंबरा ओलांडला, आत जाऊन उभी राहिली आणि ओल्या गाळात पाऊल टाकत एकेक जागा दाखवू लागली. इथे चूल, इथे देव, इथे माझी खाट, इथे धान्याची कणगी. मग वळून तिने त्या म्हाताऱ्या बाईला हाक मारली.

"आत या की."

ती बाई अंगणात उभी होती. वृंदावनाच्या थोडं अलीकडे. तिथे कुठलीही खूण नव्हती, नुसता चिखल होता, तरी ती एका जागी नेमकी थांबली होती.

"या ना, या," आत्या पुन्हा म्हणाली. "आता कोण हाय बघायला?"

"आत काय बघायचं, बाई?" ती म्हणाली. "भित न्हाई, छप्पर न्हाई. हितनंच सगळं दिसतंय."

तिचा मुलगा पाण्याकडे बघत होता. मी काहीतरी बोलेन असं बायकोला वाटलं असावं, कारण तिने माझ्या दंडाला हात लावला. त्याची गरज नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे त्या जागेवर घालायला एकही वाक्य नव्हतं.

आत्याने मग हळद-कुंकू वाहिलं, घास ठेवला, डोकं टेकलं. ज्यासाठी आली होती ते सगळं केलं, पण गेल्या वेळेसारखी रेंगाळली नाही. उठली, तीन पायऱ्या धरधरून उतरली, अंगणात गेली आणि त्या बाईच्या शेजारी, चिखलातल्या एका दगडावर बसली. तिथून आपल्या घराकडे बघत राहिली. मी तोवर पायऱ्या चढून, आत उभा राहून तिचा फोटो घ्यायच्या बेतात होतो. मोबाईल हातात तसाच धरून मी त्या चौथऱ्यावर एकटाच उभा राहिलो. खालून चौघंही माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या देखत त्या तीन पायऱ्या उतरून जायची माझी हिंमत होईना.